आठ अक्षरांचे मुक्काम

जवळा बाजार,
रविवार, १७ मे २००९

प्रिय निलम,

पहिल्याच ओळीत ‘मॅडम’ गाळलं. साडेपाच वर्षं एका खोलीत, एका पंख्याखाली बसून मी तुला ‘तुम्ही’ म्हणत आलो, आणि आज त्याच सवयीनं लिहायला घेतलं तर पत्र रजेच्या अर्जासारखं दिसायला लागलं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर ‘तू’ लिहिलं तेव्हा कुठं हात पुढं सरकला. राग आलाच तर औरंगाबादेतच ठेव, इथं उन्हाळा आधीच पुष्कळ आहे.

आधी कबुली देऊन टाकतो. सात वर्षांपूर्वी याच महिन्यात तू शाळेत फोन करून मला एक प्रश्न विचारला होतास. त्याचं मी दिलेलं उत्तर खोटं होतं. ते खोटं का होतं आणि खरं काय, हे सांगायला हे पत्र आहे. पण संस्कृतच्या मास्तराला मंगलाचरण केल्याशिवाय विषयाला हात घालता येत नाही, हे तू जाणतेस. तेव्हा मनातल्या मनात नेहमीसारखं “सर, मुद्द्यावर या” म्हण आणि वाचत राहा.

आपली कॉम्प्युटरची खोली आता तीन वर्गांएवढी झालीय. वीस यंत्रं आहेत, खिडकीला पडदे आहेत, त्यामुळे बाजाराच्या दिवशी खालून येणारा कापसाच्या गाड्यांचा गलका पूर्वीसारखा ऐकू येत नाही. ते पहिलं यंत्र तुला आठवत असेल. छप्पन्न सालानंतर इमारतीला रंग न लागलेल्या आपल्या शाळेत ते नांदेडहून कडब्याच्या ट्रॉलीत, कडब्यावर ठेवून आलं होतं. सन शहाण्णवचा नोव्हेंबर. हेडसरांनी खोलीची किल्ली माझ्याकडे दिली, कारण जे कुणालाच कळत नाही ते संस्कृतवाल्याकडे द्यायचं, अशी शाळेची रीत. आणि पुढच्या सोमवारी तू आलीस, कंत्राटावर, साखऱ्याजवळच्या तांड्यावरून, हातात फ्लॉपींची डबी घेऊन. मुलांना शिकवायचे प्रोग्राम त्यात तीन होते आणि चार फ्लॉपींवर एक खेळ होता. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादायचं, एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचं, वाटेत चारा-पाणी बघायचं, दरोडेखोर चुकवायचे. मी विचारलं, मॅडम, हा कसला खेळ? तू म्हणालीस, “आमच्या पणज्याचा, सर. त्यानं जन्मभर खेळला, पण त्याला कुणी खुर्ची न्हाई दिली.”

तो खेळ सुरू व्हायलाच पंधरा दिवस गेले. खेळाला हवी होती पाचशे नव्वद के मोकळी जागा, आणि आपल्या यंत्रात उरायची पाचशे एक्क्याऐंशी. यंत्रात मेमरी आठ एमबी होती, पण डॉसच्या हिशेबानं खेळाला फक्त पहिल्या सहाशे चाळीसमध्येच पाय पसरता येत होते आणि तिथं आधीच माऊस, आवाज, सीडी असे आश्रित येऊन बसलेले. यंत्र सुरू होताना जी दोन छोटी टिपणं वाचतं, त्यातल्या ओळी पुढं-मागं केल्या की या आश्रितांना वरच्या माळ्यावर चढवता यायचं. कोणाला आधी चढवलं यावर किती जागा सुटते ते अवलंबून. पाच वाजता शाळा सुटायची आणि आपण दोघं साडेसहापर्यंत ओळी हलवत बसायचो. मला त्यात काही नवल वाटलं नाही. माझं सगळं शिक्षण कमीत कमी अक्षरांत जास्तीत जास्त कोंबणाऱ्या लोकांच्या सहवासात झालंय. तुला मी सांगितलं की अर्धी मात्रा वाचली तर व्याकरणवाल्यांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, अशी आमच्यात म्हण आहे. तू पडद्यावरून नजर न हलवता म्हणालीस, “मग नऊ के म्हंजे गावजेवणच लागलं, सर.” ज्या दिवशी पाचशे एक्क्याण्णव आकडा आला, त्या दिवशी तू बाजारातून पावशेर जिलबी आणलीस. त्या कागदावर मी आकडा लिहून ठेवला होता. जिलबीच्या तुपानं तो अजून पुसलेला नाही.

मग अठ्ठ्याण्णवमध्ये हेडसरांनी कुठूनतरी विंडोज ९५ आणवली आणि आपले बैल अडखळायला लागले. दोन पावलं चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. आवाज तुटायचा. मी म्हटलं, यंत्र तेच, खेळ तोच, मग बैलांना झालं काय? त्यावर तू जे सांगितलंस ते मी पुढं दहा वर्षं वर्गात सांगत आलोय, तुझं नाव न घेता. “डॉस आमच्या बाबासारखा आहे, सर. पाव्हणा आला की खाट-घर समदं त्याला देतो अन् स्वतः अंगणात जाऊन पडतो. विंडोज म्हंजे आपले हेडसर. पाव्हण्याला बसवतात, पण वाढायचं समदं आपल्याच हातानं, अन् वाढता वाढता दारात आलेल्या प्रत्येकाशी बोलून राहिले. भाकर थंड व्हणारच की.” उपायही तूच दाखवलास. यंत्र बंद करताना डॉसमध्ये पुन्हा सुरू करायची एक वाट होती. त्या वाटेनं गेलं की हेडसर बाजूला व्हायचे आणि तुझे बाबा यायचे. नव्व्याण्णवला दुसरं यंत्र आलं, चौसष्ट एमबीचं, त्यात ९८ होती, तिच्यातही ती वाट शाबूत होती. तिथं भलतीच पंचाईत झाली: यंत्र एवढं चपळ की बैल घोड्यासारखे उधळले, मीठ हिंगोलीला पोचायच्या आत दिवस मावळून उगवायचा. मग यंत्राला मुद्दाम धीमं करणारा एक बारका प्रोग्राम तू नांदेडहून मिळवून आणलास. नवं यंत्र आणून त्याला जुन्याइतकं हळू चालायला शिकवणारी माणसं जिल्ह्यात आपण दोघंच असू.

जिल्ह्यावरून आठवलं. सरकारनं हिंगोलीला जिल्हा केला तो नव्व्याण्णवच्या महाराष्ट्रदिनी. आपण तिला सत्त्याण्णवलाच राजधानी करून टाकली होती. खेळात वाटेवरच्या मुक्कामांना आपल्या मनाची नावं देता यायची, फक्त आठ इंग्रजी अक्षरांत बसवायची. औंढा बसलं, जवळा बसलं, वारंगा, साखरा बसलं. कळमनुरीला एक अक्षर जास्त व्हायला लागलं, तर तू शेवटचा इकार कापून टाकलास आणि म्हणालीस, कळमनुरीवाल्यांना सांगू नका. कळा दाबायच्या तू, सल्ला द्यायचा मी. माझा सल्ला एकच असायचा: अजून एक दिवस मुक्काम करू, बैलांना विसावा मिळेल, पुढच्या वाटेचा अंदाज येईल. तू चिडायचीस. “बैल बसून म्हातारे व्हऊन राहिले, सर. चारा संपला की काय श्लोक चारणार का त्यांना?” आणि माझं न ऐकता तांडा हाकायचीस. तांडा बहुतेक वेळा पोचायचा.

तू हाकणारी आणि मी थांबणारा, यात स्वभावाचा भाग आहेच, पण थोडा इतिहासही आहे. माझ्या आजोबांना ज्या भाषेचा शब्द कानावर पडायची चोरी होती, ती भाषा मी शिकावी हा माझ्या बाबांचा हट्ट होता. रामजी मिस्तरीचा पोरगा संस्कृत शिकवतो, हे ऐकायला लोक वर्गाच्या दारात थांबायचे. तेव्हापासून दहा वेळा तपासल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, ही खोड लागली. एक चूक झाली तर ती माझ्या एकट्याची धरणार नाहीत, हे ठाऊक होतं. हे मी तुला कधी बोललो नाही. तुझ्याजवळ न बोललेल्या गोष्टींची यादी मोठी आहे आणि तिच्यात ही सगळ्यात लहान. आई स्थळं आणायची, मी नापास करायचो. आई म्हणायची, “तुला काय पायजे ते एकदा संस्कृतात तरी सांग.” ती गेली त्याला आता चार वर्षं झाली.

दोन हजार दोनच्या एप्रिलात तुझं कंत्राट संपलं आणि औरंगाबादची नोकरी आली. शेवटच्या दिवशी मी शिक्षकखोलीत पेपर तपासत बसलो होतो. तपासत कसला, एकाच मुलाला तीनदा मार्क दिले. तू तासभर एकटी कॉम्प्युटरच्या खोलीत होतीस. बाहेर येऊन किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, “डाव सेव्ह करून ठेवलाय, सर. शेवटचा मुक्काम बघा.” मी म्हटलं, बघू. तुझा भाऊ विकास तुला न्यायला जीप घेऊन आला होता. तुझी ट्रंक मी आणि शिपाई लखमानं उचलून ठेवली. लखमा म्हणाला, मॅडमच्या ट्रंकेत काय दगड आहेत का, आणि तू हसलीस, आणि जीप गेली.

आता मुद्दा. मी बघितलं नाही. आठ दिवस मला त्या खोलीचं कुलूप काढवेना. नवव्या दिवशी हेडसर म्हणाले, जूनमध्ये तपासणी आहे, नांदेडचा माणूस नवी विंडोज टाकून देतो म्हणतो, एक्सपी, टाकायची का? निलम, एरवी मी म्हटलं असतं, अजून एक दिवस थांबू. जन्मात पहिल्यांदा मी लगेच ‘टाका’ म्हणालो. मला वाटलं, ती काळी पाटी, ती डॉसची वाट, ते आपले बैल डोळ्यांसमोरून गेले तर बरं. एका दुपारीत सगळं नवं झालं. हिरवी टेकडी, निळं आकाश. चौसष्ट एमबीत ती टेकडी चढता चढता यंत्राला धाप लागायची, पण साहेबांना दाखवायला छान होतं. खेळाचं फोल्डर जागच्या जागी होतं. त्यावर टिचकी मारली तर पडदा काळा झाला, दोन ओळी चमकल्या आणि पुन्हा टेकडी. पूर्वीच्या विंडोजच्या पोटात डॉस होता. हिला तो नव्हताच. हिच्या घरात कोणत्याही पाहुण्यानं थेट चुलीला हात लावायचा नाही, असा कायदा. कायदा चांगला आहे. तेव्हापासून यंत्रं रोज अडकत नाहीत, हे मी मान्य करतो. पण अंगणात जाऊन झोपणारे तुझे बाबा त्या घरातून कायमचे गेले होते, आणि त्यांना घालवणारा मी होतो.

त्यानंतर चारच दिवसांनी तुझा फोन आला. फोन हेडसरांच्या टेबलावर, हेडसर समोर, नांदेडवाल्याच्या बिलावर सही करत. तू विचारलंस, “सर, शेवटचा मुक्काम बघितला का?” मला सांगता येईना की तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि मी तुमची वाट पुसून टाकली. म्हणून म्हणालो, “बघितला. चांगला आहे.” तू म्हणालीस, “एवढंच?” आणि मी, विनोदी माणूस, म्हणालो, “बैलांची तब्येत उत्तम आहे.” मग तू म्हणालीस, “बरं. ठेवते.” हेडसरांनी विचारलं, काय म्हणतात मॅडम? मी म्हटलं, खुशाली.

त्यापुढं तुझी नववर्षाची दोन कार्डं आली, दोन्हींवर फक्त सही. मीही दोन पाठवली. मग तेही थांबलं. विकास अधूनमधून वारंगा फाट्यावर त्याच्या टायरच्या दुकानात भेटतो. मी आडून विचारायचो, मॅडमचं कसं काय, आणि तो म्हणायचा, “ताईला किती स्थळं दाखवली. न्हाई म्हणते. काहून, ते सांगत न्हाई.” यावर मी विद्वान माणसासारखी मान हलवून हिंगोलीची गाडी पकडायचो.

या फेब्रुवारीत एका मासिकाबरोबर सीडी आली. तिच्यात जुन्या डॉसचं सोंग घेणारा एक प्रोग्राम होता. एक्सपीच्याच घरात तो एक अंगण आखतो आणि जुन्या खेळाला सांगतो, हे घर तुझंच. जुनं यंत्र प्रयोगशाळेत नकाशांच्या खाली पडलं होतं; त्यातून फोल्डर काढलं. तीन रविवार खर्ची पडले. गंमत बघ, आपल्या पहिल्या यंत्राच्या वीसपट जोराचं यंत्र लागतं, तेव्हा कुठं त्या सोंगातून बैल बैलाच्या चालीनं चालतात. तरी आधी रांगले, मग उधळले. एक आकडा कमी-जास्त करत राहावं लागतं. तू असतीस तर अर्ध्या तासात झालं असतं, आणि मी मध्येच म्हणालो असतो, अजून एक दिवस थांबू. तिसऱ्या रविवारी बैलांच्या घंटा वाजल्या. घुंगरांचा तो चिरका आवाज सात वर्षांनी ऐकला आणि मी आधी उठून खोलीचं दार लावून घेतलं. मग शेवटचा डाव उघडला. २६ एप्रिल २००२, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

औंढा नव्हतं, वारंगा नव्हतं. वाटेवर पाच मुक्काम होते आणि पाचही नावं तू बदललेली. मी आधी ती गावांची नावं म्हणूनच वाचली. कुठलं तरी खेडं असेल, तुला ठाऊक असलेलं. मग बैल ज्या क्रमानं गेले त्या क्रमानं वाचली. सर. घरी. येऊन. बाबांना. विचारा. आठ-आठ अक्षरांच्या खणांत तू ते बसवलं होतंस आणि एकाही शब्दाचं टोक कापावं लागलं नव्हतं. तांडा पाचव्या मुक्कामावर उभा होता. चारा दोन दिवसांचा शिल्लक. आणि मी तुला फोनवर सांगितलं होतं की बघितला, चांगला आहे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आता हे सांगून काय उपयोग. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. अडीच महिने असे दिवस गेले, कारण मी मीच आहे. शेवटी गेल्या रविवारी सकाळच्या गाडीनं सेनगाव, तिथून साखरा, आणि पुढं तांड्यापर्यंत चालत गेलो. तुझे बाबा निंबाखाली खाटेवर बसले होते. ओळखलं त्यांनी. उठून खाट मला दिली आणि स्वतः जमिनीवर बसले. तू सांगितलं होतंस तसेच आहेत. मी पाच मुक्कामांवर लिहिलं होतं तेवढं केलं. घरी येऊन बाबांना विचारलं. भावसिंगबाबांनी माझ्या धुळीनं भरलेल्या चपलांकडे बघितलं. मग म्हणाले, “सात वर्सं काहून लागली, गुरुजी? चालतच निघाले व्हते का?” आणि नंतर, “पोरीनं त्या उन्हाळ्यात सांगून ठेवलं व्हतं, सर येतील म्हणून. म्या त्या साली एका लग्नाला गेलो न्हाई. बाजाराला बी न्हाई. तुमी याल अन् घरी कुणी नसल, असं नको व्हायला. लोक काय म्हणतील त्याचा इचार बी तवाच करून ठेवला व्हता. वाया गेला समदा.” आतून तुझ्या आईचा, रुख्मिणीबाईंचा आवाज आला, “आता चहा तरी पिऊ द्या त्यांना.” चहा झाला, जेवण झालं. निघताना बाबा म्हणाले, “मला इचारायचं ते तवा व्हतं. आता ती चाळिशीची बाई हाय. तिचं तिलाच इचारा.” म्हणून हे पत्र, निलम. मी बघितलं नव्हतं, एवढंच मला सांगायचं होतं, आणि बघितलं असतं तर त्याच संध्याकाळी साखऱ्याची गाडी धरली असती, हेही. सोबत सीडी आहे. तीत तो खेळ आहे, ते सोंग आहे, आणि तांडा तू उभा केलास तिथंच आहे; मी एक कळ दाबलेली नाही. सहावा मुक्काम मोकळा आहे. त्याला नाव दे आणि डाव सेव्ह करून परत पाठव, किंवा फोन कर. ते हेडसर निवृत्त झाले, फोन आता मोकळ्या खोलीत आहे. ‘नको’ चार अक्षरांत बसतं. तेही मी बघीन, आणि या वेळी बघितल्यावरच बघितलं म्हणेन. ‘या’ दोन अक्षरांत बसतं. ‘ये’सुद्धा दोनच अक्षरांत बसतं, आणि ते मला जास्त आवडेल.

तुझाच,
प्रमोद
(यापुढं सर नको)